घर, फी आणि एमबीबीएसची सीट: मराठवाड्यातल्या पालकांचे आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

मी बीड जिल्ह्यातली. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, आता तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. नीटचा निकाल लागला की दवाखान्यात पेशंटांच्या बरोबरीनं पालक येऊन बसतात. कट-ऑफ त्यांना तोंडपाठ असतो. गाडी अडते ती पुढं: लांबची स्वस्त सीट घ्यावी की जवळची महाग? आजारी आईला सोडून जावं का? शेत गहाण ठेवावं का? मामांकडून पैसे घ्यावेत का? हे सगळे प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत, मी फक्त एका ठिकाणी आणले. फीचे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून इथले आकडे अंदाजासाठी धरा. फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीचं राज्य सीईटी कक्षाचं माहितीपत्रक आणि शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजला ठरवून दिलेली फी स्वतः बघा.

सरकारी सीट लांब लागतेय, खासगी अगदी घराजवळ. फीमध्ये खरा फरक किती पडतो?

सरकारी कॉलेजात खुल्या प्रवर्गाला वर्षाला साधारण एक ते दीड लाख. खासगी विनाअनुदानित कॉलेजात राज्य कोट्यातली सीट असली तरी सात-आठ लाखांपासून चौदा-पंधरा लाखांपर्यंत. अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या पुढं. फी साडेचार वर्षांची, नंतरचं एक वर्ष इंटर्नशिपचं.

आता वही घ्या. सरकारी फी सव्वा लाख धरली तर साडेचार वर्षांचे साडेपाच-पावणेसहा लाख होतात. खासगी ९ लाख धरली तर साडेचाळीस लाख. फरक ३५ लाखांचा. बहुतेक घरं इथंच थांबतात आणि म्हणतात, काढू कर्ज, पोरगा डॉक्टर झाला की फेडेल. तेव्हा पुढचा आकडाही मांडा. हे ३५ लाख दरवर्षी थोडे थोडे उचलले, व्याज १० टक्के धरलं आणि अभ्यासक्रम संपून वर्षभरानं हप्ते सुरू झाले, तर तोवर नुसतं व्याज १६ लाखांच्या पुढं गेलेलं असतं. ५१-५२ लाख फेडायचे. १० वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याचा हप्ता ६८ हजारांच्या आसपास, १५ वर्षांत म्हटलं तर ५५ हजारांच्या आसपास.

आणि हा हप्ता नेमका कधी सुरू होतो? पोरगा पीजीच्या प्रवेशाची तयारी करत घरी बसलेला असतो तेव्हा. एमबीबीएसनंतर लगेच भरपूर कमाई होते हा समज अजून गावागावांत आहे. तो सोडून द्या. कमाई स्थिरस्थावर व्हायला पीजी धरून आठ-दहा वर्षं जातात.

पण घरून ये-जा केली तर हॉस्टेल आणि मेसचा खर्च वाचेल ना?

वाचेल. महिन्याला आठ-दहा हजार धरले तर साडेपाच वर्षांत पाच-साडेसहा लाख. ३५ लाखांच्या फरकापुढं ही बचत अपुरी आहे.

शिवाय मेडिकलची ये-जा म्हणजे डिग्री कॉलेजची ये-जा नव्हे. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू होतात, इंटर्नशिपमध्ये रात्रपाळी असते. कॉलेज त्याच शहरात असेल तर घरून जमतं. पन्नास-साठ किलोमीटरवरून एसटीनं रोज येणारी मुलं पहिल्या वर्षी शरीरशास्त्राच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली मी पाहिली आहेत.

मराठवाड्यात आता सरकारी कॉलेजं किती आहेत? आमच्या वेळी तर घाटी नाहीतर अंबाजोगाई एवढंच होतं.

आता आठही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी १९५६ पासूनची. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय सत्तरच्या दशकातलं, ग्रामीण भागात मुद्दाम काढलेलं. नांदेडचं १९८८ सालचं, लातूरचं २००२ सालचं. मग बरीच वर्षं काहीच नाही. त्यानंतर धाराशिव २०२२ मध्ये, परभणी २०२३ मध्ये, जालना आणि हिंगोली २०२४ मध्ये. या चार नव्या कॉलेजांत सुरुवातीला प्रत्येकी १०० जागा.

आणखी एक बदल लक्षात घ्या. पूर्वी ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजंच कमी, त्यामुळं चांगले मार्क असूनही आपली मुलं मागं राहायची. २०२० मध्ये तो रद्द झाला. तेव्हापासून राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांची यादी एकच आहे. याचा फायदा असा की लातूरच्या मुलाला मुंबई-पुण्याचं दार उघडलं. तोटा असा की हिंगोलीची सीट हिंगोलीच्याच मुलाला मिळेल असं आता राहिलं नाही. जवळचं कॉलेज हवं असेल तर तेवढे मार्क लागतात आणि पसंतीक्रमात ते वर लावावं लागतं.

म्हणून ‘जवळ खासगी की लांब सरकारी’ एवढ्या दोनच पर्यायांवर अडकू नका. तिसरा पर्याय बऱ्याचदा असतो: दोन-तीन तासांवरचं सरकारी. परभणीच्या घराला नांदेड काही परदेश नाही.

घराजवळ नवं सरकारी कॉलेज आहे, लांब जुनं नावाजलेलं. दोन्हींची फी सारखीच. मग?

इथं पैसा बाजूला पडतो, आणि माझ्या मते इथं घराची ओढ मोकळेपणानं धरायला हरकत नाही. पण आधी नव्या कॉलेजाला एक चक्कर मारा. इमारत बघायला जाऊ नका, ती आज ना उद्या होईल. बघायचं ते हे की तिथल्या रुग्णालयात सकाळी दहाला बाह्यरुग्ण विभागात गर्दी किती, प्रसूती कक्ष चोवीस तास चालतो का, सिझेरियन तिथं होतं की बाई पुढं पाठवली जाते, मेडिसिन आणि सर्जरीला प्राध्यापक पूर्णवेळ आहेत की शेजारच्या कॉलेजातून आठवड्यातून दोनदा येतात. वरच्या वर्षाच्या मुलांना चहा पाजा आणि विचारा, ते खरं सांगतात.

घाटीत हजाराहून अधिक खाटा आहेत, अजिंठ्याच्या डोंगरापासून विदर्भाच्या सीमेपर्यंतचे पेशंट तिथं येतात. तिथल्या वॉर्डात उभं राहून जे शिकायला मिळतं ते नव्या कॉलेजाला उभं करायला वेळ लागणार, हे खरं आहे. दुसरी बाजूही खरी आहे: १०० मुलांच्या बॅचमध्ये शिक्षक नावानं ओळखतो आणि टाके घालायला हात लवकर मिळतो. अभ्यासू आणि स्वतःहून पुढं होणारं लेकरू दोन्हीकडं घडतं. बुजरं, घरकोंबडं लेकरू असेल तर मी जवळचं घ्या म्हणेन. पहिलं वर्ष निभावणं फार महत्त्वाचं आहे.

वडील डायलिसिसवर आहेत. मी एकुलता एक. लांब जाणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक मुलाबद्दल मला आदर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी भावना आणि काम वेगळं करा. असाच एक मुलगा आला होता, बरोबर आई. मी त्यांना एका कागदावर घरातला आठवडा लिहायला लावला. सोमवार आणि गुरुवार डायलिसिस, तालुक्याला. नेतं कोण? चुलतभाऊ, मोटारसायकलवर. येताना दम लागतो म्हणून मागं धरून कोण बसतं? मुलगा. औषधं, रक्ताचे रिपोर्ट, योजनेचे कागद? मुलगा. पाणी किती प्यायचं, मीठ किती, हे कोण बघतं? आई. रात्री त्रास झाला तर? शेजारच्या गल्लीतला मावसभाऊ. कागद भरला तेव्हा दिसलं की मुलाच्या अंगावर दोन कामं होती: मागं बसणं आणि कागद सांभाळणं. पहिल्यासाठी गावातला रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरला. दुसरं काम आत्येबहिणीनं घेतलं, बारावीतली होती, मोबाइलवर सगळं नीट करायची. मुलगा सरकारी कॉलेजला गेला, तीन तासांवर.

तुमचा कागद वेगळा निघेल. कदाचित असं दिसेल की खरंच तुमच्याशिवाय कुणी नाही: आई अधू, बहीण लहान, भाऊबंदकीत बोलणं बंद. मग जवळची सीट ही गरज आहे आणि तिच्यासाठी थोडा जास्त खर्च योग्यच आहे. पण एक ध्यानात घ्या. जवळच्या कॉलेजात असलात तरी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तुम्ही घरी नसणार, आणि प्रॅक्टिकल चालू असताना फोन उचलता येणार नाही. म्हणजे दिवसाची सोय तुम्हाला तशीही करावीच लागेल. जवळ राहिल्यानं मिळते ती रात्र आणि रविवार. त्यासाठी किती मोजायचे ते घरानं बसून ठरवावं.

डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. घरात आजार आहे म्हणून आधीच पैसा ओढाताणीचा असतो, त्यात ३५ लाखांचं कर्ज घेतलं तर उद्या वडिलांना पुण्याला न्यायची वेळ आली तेव्हा हात बांधलेले असतील. स्वस्त सीट घेणं हीसुद्धा वडिलांची सेवाच आहे, हे त्या मुलाच्या आईला मी सांगितलं होतं.

मुलगी आहे. आजी आणि काका म्हणतात, एवढ्या लांब नको, जवळचं बीएएमएस करू द्या.

बीएएमएस करायचं असेल तर आवडीनं करावं. एमबीबीएसची सरकारी सीट हातात असताना फक्त अंतरासाठी ती सोडायला लावणं हा मुलीवर अन्याय आहे, आणि मी हे आजीसमोर बसूनही सांगते.

भीती खरी असते, तिला हसू नका. तिचं उत्तर माहितीत आहे. मुलींचं हॉस्टेल कॉलेजच्या आवारात आहे का, पहिल्या वर्षी सगळ्यांना खोली मिळते का, वॉर्डन राहते का, एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशनवरून रात्री कसं यायचं, हे आजीला घेऊन जाऊनच दाखवा. मी स्वतः पाहिलंय: नको नको म्हणणारी आजी हॉस्टेलच्या मेसमधली भाकरी मोडून बघून, दोन मुलींशी बोलून परत आली आणि गाडीत म्हणाली, ‘जाऊ द्या माय तिला.’

पैशाच्या बाजूनं मुलींसाठी एक मोठी गोष्ट झाली आहे. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झाला असेल तर. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. म्हणजे अशा घरातल्या मुलीला जवळच्या खासगी कॉलेजात कॅप राउंडमधून सीट लागली तर वरचा ३५ लाखांचा हिशेब पार बदलतो. तेव्हा मात्र घराजवळची सीट खुशाल विचारात घ्या. हॉस्टेल, मेस, अनामत आणि कॉलेजचे इतर आकार तुमच्याच खिशातून जातील, त्यांचा आकडा प्रवेशाआधी लेखी मागा. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज वेळेत भरणं आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करणं हे घरातल्या एका माणसानं अंगावर घ्या.

मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मी फी मिळते, उत्पन्नाची मर्यादा तीच. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींना शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप आहे. हॉस्टेल न मिळाल्यास अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, शिवाय डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. घर सोडून राहणाऱ्या मुलासाठीच या योजना आहेत, आणि लांबच्या सरकारी सीटचा खर्च त्यांनी बराच हलका होतो.

शेत गहाण ठेवून शैक्षणिक कर्ज मिळेल का?

बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घ्यायला तयार होत नाहीत. कर्ज थकलं तर बँकांना तारण जप्त करून विकण्याचा जो कायदा आहे, तो शेतजमिनीला लागू नाही. बँक गावठाणातलं किंवा शहरातलं घर, बिगरशेती प्लॉट, मुदत ठेव, विमा पॉलिसी मागते. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत. सरकारी सीटची सगळी फी एवढ्यात बसते. तारणाशिवाय होणारं शिक्षण आणि घर टांगणीला लावून होणारं शिक्षण यातली सीमा इथंच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ठरवून दिलेल्या दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघा.

बँकेनं नाही म्हटलं की पाय सावकाराकडं किंवा आडत्याकडं वळतात. तिथं थांबा. दोन पावसाळे कोरडे गेले किंवा काढणीच्या वेळी सोयाबीन पाण्यात गेलं तर काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. जमीन विकून खासगी सीट घ्यायला माझा स्पष्ट विरोध आहे. घरात दुसरं भावंड असेल तर आणखीच. त्याच्या वाट्याचं रान एकाच्या फीमध्ये जातं आणि पुढं त्यावरून सख्खी भावंडं एकमेकांच्या दारात जात नाहीत.

मामा म्हणतात, ‘फीची काळजी नको, मी आहे.’ घ्यावी का मदत?

घ्या. आपल्याकडं कितीतरी डॉक्टर मामाच्या आणि मावशीच्या पैशावर उभे राहिले आहेत. पण मामांना एकूण आकडा सांगा. पहिल्या वर्षाचा सगळेच देतात. तिसऱ्या वर्षी मामांच्याच मुलीचं लग्न निघतं. तेव्हा किती, कोणत्या वर्षी, उसने की मदत, हे एका कागदावर लिहून दोघांनी जवळ ठेवा. नात्यात कसला कागद, असं म्हणणारा माणूस मनानं चांगला असतो, पण साडेचार वर्षांत त्याचीही परिस्थिती बदलू शकते. सरकारी सीट असेल तर मामांची मदत मेस आणि पुस्तकांपुरती लागते, ती निभते आणि नातंही टिकतं.

मुलाला स्थळ आलंय. मुलीकडचे म्हणतात, साखरपुडा करा, फी आम्ही भरतो.

हे आपल्याकडं होतं, आणि मोठ्या घरांतही होतं. हा हुंडा आहे. १९६१ च्या कायद्यानं तो देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं आयुष्य फीच्या पावतीला बांधलं जातं, आणि एका मुलीच्या बापाची जमीन तुमच्या मुलाच्या कॉलेजात जाते. पुढं त्या दोघांचं पटलं नाही तर पैसा परत कसा करणार? एवढ्यासाठी खासगी सीट घ्यायची असेल तर घेऊच नका. वर्षभर थांबा, पुन्हा परीक्षा द्या.

रिपीट करायचं का? लातूरला अजून एक वर्ष?

सरकारी कट-ऑफच्या थोडं खाली राहिला असेल आणि मुलाला स्वतःला बसायचं असेल, तर एका वर्षाचा खर्च खासगी कॉलेजच्या एका वर्षाच्या फीपेक्षा बराच कमी आहे. दुसऱ्या-तिसऱ्यांदा बसताना मुलाच्या झोपेकडं, जेवणाकडं, बोलण्याकडं लक्ष द्या. लातूरच्या खोल्यांमध्ये एकटी राहणारी ही मुलं वरून शांत दिसतात. महिन्यातून एकदा जा, डबा घेऊन जा, आणि त्या दिवशी मार्कांचा विषय काढू नका.

एक सूचना धाकट्या भावंडांसाठी. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली नसेल तर राज्याच्या ८५ टक्के कोट्यात सहसा बसता येत नाही. राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्या शाळेतून बारावी करण्याआधी हे वाचा.

एजंट म्हणतो, थोडे जास्त भरा, मॅनेजमेंटमधून घराजवळच करून देतो.

सीट नीटच्या गुणवत्तेवर आणि प्रवेश प्रक्रियेतूनच मिळते, संस्था कोट्यातलीसुद्धा. रोख देऊ नका, मूळ कागदपत्रं देऊ नका, लॉगिनचा पासवर्ड तर अजिबात देऊ नका.

परदेशात स्वस्त पडतं म्हणतात.

फी कमी दिसते, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, तिथं १२ महिन्यांची इंटर्नशिप, तिथल्या देशात डॉक्टरकी करण्याची पात्रता, मग इथली परीक्षा आणि पुन्हा इथं इंटर्नशिप, एवढं सगळं लागतं. इथल्या परीक्षेत ३०० पैकी १५० हवेत आणि मोठ्या संख्येनं मुलं तिथं अडकतात. घराच्या ओढीनं हिंगोली की लातूर असा विचार करणाऱ्या मुलानं हा रस्ता धरू नये.

बाँडची भीती वाटते. एक वर्ष कुठं टाकतील?

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्षाची सामाजिक सेवा बंधनकारक आहे. त्या वर्षात पगार मिळतो, हे लोक विसरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्यानं साप चावलेला, विष घेतलेला, अडलेली बाळंतीण बघितली की हात स्थिर होतो. घरापासून लांब शिकलेल्यांना मी नेहमी सांगते, बाँडसाठी आपला जिल्हा मागा, जागा रिकाम्या असतात. आई-वडिलांजवळ राहण्याचं एक वर्ष त्यातून मिळू शकतं.

मला पुढं गावातच दवाखाना टाकायचाय. मग इथंच शिकलेलं बरं नाही का?

फायदा आहे. ‘छातीत कळ निघती’, ‘पोटात गोळा उठतो’, ‘अंग मोडून आलंय’ हे समजायला तुम्हाला दुभाषा लागत नाही. आता पहिल्या वर्षापासून कुटुंब दत्तक कार्यक्रम असतो, विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबं नेमून देतात आणि त्यांच्याकडं तो वारंवार जातो. आपल्या भागात हे काम खोल होतं. शिवाय अंबाजोगाईत किंवा नांदेडला तुमच्याबरोबर शिकलेलं कुणी उद्या शेजारच्या तालुक्यात भूलतज्ज्ञ असतं आणि रात्री दोनला तुमचा फोन उचलतं. ही ओळख मला रोज उपयोगी पडते. पण मुंबई-पुण्याचं सरकारी कॉलेज मिळत असेल तर एवढ्या कारणासाठी सोडू नका. परत येणारा तिथूनही येतो.

जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या कॉलेजला आहे. तिच्याच कॉलेजला जाऊ?

फी आणि दर्जा सारखाच असेल तर जा, आधार होतो. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

प्रेफरन्स फॉर्म नेमका कसा लावायचा?

मनातल्या खऱ्या क्रमानं. ‘हे मिळणार नाही म्हणून खाली टाकू’ असं करू नका, वर लावल्यानं काही बिघडत नाही. माझा सल्ला असा: आधी सरकारी, त्यात दोन-तीन तासांच्या आतली वर, मग राज्यातली बाकी सरकारी, मग शुल्कमाफीनंतर झेपतील एवढीच खासगी. जी फी झेपणार नाही ते कॉलेज यादीतच टाकू नका. लागलं की मोह होतो, नातेवाईकांना पेढे जातात आणि मग माघार घेता येत नाही.

पुढच्या फेरीत वरची पसंती लागली की हातातली सीट आपोआप जाते, म्हणून खरंच हवं तेच वर ठेवा. जी मिळाली त्यात समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरा, पण तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद. केंद्राच्या १५ टक्के जागांचा अर्ज वेगळा, केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडं (एमसीसी), तोही भरा. नागपूरच्या एम्सची फी वर्षाला काही हजारांत आहे. जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच हातात ठेवा. नव्यानं कुणबी प्रमाणपत्र काढलेल्यांनी वैधतेचा अर्ज आधी करावा, ऐन प्रवेशात तो अडतो.

सीट घेतली आणि करमलंच नाही, तर घराजवळच्या कॉलेजात बदली मिळते का?

त्या भरवशावर सीट घेऊ नका. २०२३ च्या नियमावलीत एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाण्यावर सरसकट बंदी घातली गेली. त्याच नियमांत पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चारच संधी आणि पूर्ण अभ्यासक्रमाला ९ वर्षांची मर्यादा आहे.

करमत नाही हे पहिल्या दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळ्यांचं होतं. रोज रात्री फोन ठेवा पण लांबवू नका. घरातली भांडणं आणि कर्जाच्या गोष्टी सत्र परीक्षेच्या आधी कानावर घालू नका. पहिले दोन महिने दर रविवारी घरी बोलावू नका, हॉस्टेलमधले रविवारच ओळखी जमवतात. मात्र मूल जेवत नसेल, वर्गात जायचं टाळत असेल, फोनवर एका शब्दात उत्तरं देत असेल किंवा कुणी त्रास देतंय असं वाटलं, तर त्याच दिवशी एसटी धरा आणि वॉर्डन, मार्गदर्शक शिक्षक आणि अधिष्ठाता यांना भेटा. प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असते, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. मूल सांगत नसलं तरी त्याच्या खोलीतल्या जोडीदाराचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.